शिडी उतरली का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची दुपार. बाहेर चव्वेचाळीसचा पारा, अंगणातल्या निंबाखाली कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. आत स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं. मी नाशिकहून सकाळीच आले होते आणि माहेरी आल्यावर येते ती एक सुस्ती अंगात होती. पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, शेगडी बंद केली, भिंतीवरचं बटणही बंद केलं आणि मोबाइल घेऊन उंबऱ्यात बसले. आई फडकं भिजवत होती. "बंद शे ना वं?" तिने विचारलं. "बंद आहे गं, बटणसुद्धा बंद केलंय," मी मान वर न करता म्हणाले. पुढच्या क्षणी चर्र झालं. आई ओरडली नाही, ती ओरडत नाहीच. आवाज आला तो ओल्या फडक्याचा. काळ्या काचेवरून वाफेचा एक लोट उठला आणि आई हात मागे घेऊन, दुसऱ्या हाताने मनगट धरून, जराशी हसत उभी राहिली. जणू तिचंच काहीतरी चुकलं होतं.

चार बोटं आणि तळव्याचा खालचा उंचवटा. मी तिला नळाखाली ओढत नेलं आणि नळ सोडला, तर पाणी असं आलं की माझाच हात मागे आला. मे महिन्यात दुपारी दोनला आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी म्हणजे आधणच. मग माठ. तांब्या-तांब्याने माठातलं पाणी तिच्या हातावर ओतत राहिले. भाजल्यावर वीस मिनिटं गार पाणी, बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही, हे कुठेतरी वाचलेलं डोक्यात पक्कं होतं. पण वीस मिनिटं म्हणजे किती तांबे ते तेव्हा कळलं. खालच्या बादलीत पाणी साचत होतं आणि आईचा जीव त्या पाण्यात अडकला होता. "पुरे माय, पिवाचं पाणी शे ते," असं ती तीनदा म्हणाली. हाताचं एकदाही बोलली नाही.

फोड दोनच आले, आठवड्यात बसलेही. माझ्या मनाला लागून राहिलं ते वेगळंच. मी खोटं बोलले नव्हते. शेगडी बंद होती.

खरं तर ती शेगडी घरात मीच आणली. गेल्या काही वर्षांत आईचा वास गेला. आधी हिंगाचा, मग फोडणीचा, मग सगळाच. भरीत भाजताना वांग्याची साल करपली तरी तिला ते डोळ्यांनीच कळतं. एकदा मी घरात शिरले तर गॅसचा वास पसरलेला, आणि आई त्याच स्वयंपाकघरात शांतपणे लसूण सोलत बसलेली. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं. खिडक्या-दारं उघडेपर्यंत माझे पाय कापत होते. गॅसला मुद्दाम घाण वास घालतात तो नाकासाठी. नाकच नसेल तर तो कोणाला सांगणार? त्या दिवशी मी ठरवलं, आई एकटी असताना गॅस नको. गॅसची हंडी, म्हणजे सिलिंडर, बाहेर पडवीत गेली आणि ओट्यावर विजेची शेगडी आली.

पहिली आणली ती इंडक्शनची, आणि तिने आईच्या भांड्यांना ओळखच दिली नाही. इंडक्शनमध्ये शेगडी तापत नाही, भांडं तापतं. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातला झपाट्याने उलटसुलट होणारा प्रवाह भांड्याच्या बुडात करंट उठवतो, आणि त्याला बुडात लोखंड लागतं. साधी परीक्षा म्हणजे लोहचुंबक बुडाला चिकटतो का बघायचं. आईच्या रॅकवर निम्मी भांडी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, दोन पितळी, एक तांब्याचं. फ्रिजवरचा चुंबक घेऊन मी एकेक भांडं तपासत होते आणि आई जात पंचायतीसमोर उभं राहिल्यासारखी बघत होती. "या पातेल्यात तुम्ही तिघं वाढलात," एवढंच म्हणाली. ती शेगडी परत गेली, बदल्यात इन्फ्रारेडवाली आली. हिला कुठलंही भांडं चालतं, फक्त बूड सपाट हवं. काचेखाली तारेची पट्टी लाल होते, उष्णता काचेतून वर येते, आणि काच स्वतःही तापते. चांगलीच तापते. बटण बंद केल्यावर लाली दोन-चार सेकंदांत जाते. ताप जात नाही.

वायरमनने मात्र काम नीट केलं, ते सांगायला हवं. मी म्हणत होते मिक्सरच्याच बोर्डाला लावू, नाहीतर एक्स्टेंशन आहेच. तो म्हणाला, "ताई, दोन हजार वॅट शे. मिक्सरचं सॉकेट सहा अँपिअरचं." दोन हजाराला २३० ने भागलं की ८.७ येतं, हे गणित मलाही येत होतं. मी ते कधी केलं नव्हतं. त्याने मीटरपासून चार एमएमची वेगळी वायर ओढली, सोळा अँपिअरचा पॉइंट दिला, भार वाढला की आपोआप पडणारी स्वतंत्र एमसीबी बसवली, अर्थिंग तपासलं. जाताना आईला म्हणाला, "मावशी, पिन काढल्यावर कधी कधी हात लावून बघत जा. गरम लागली की मला फोन करा. काळी पडायची वाट पाहू नका." वास न येणाऱ्या बाईला वायर जळाल्याचा वासही येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

आमच्या घरातली ही विजेची पहिली शेगडी नव्हे. ती अप्पांची. पांढऱ्या चिनीमातीची थाळी, तिच्यात गोल गोल खाचा आणि खाचांत बसवलेली स्प्रिंगसारखी तार. ती लाल झाली की नुकत्या तळलेल्या जिलेबीसारखी दिसायची. अप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे आम्हाला चहाबरोबर एखादा नियमही मिळायचा. ही तार निक्रोमची, निकेल आणि क्रोमियमची, लाल होऊनही हवेत जळून जात नाही, तिचं पेटंट १९०६ सालचं. "आणि १९०६ सालीच इंग्रजांनी खान्देशाचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम," हे ते दर वेळी जोडायचे. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, असं आम्ही कधी विचारलं नाही. अजूनही मला खान्देशची फाळणी म्हटलं की लाल झालेली तार दिसते.

ती शेगडी तशी भयंकर चीज होती. उघडी तार, तिच्यात जिवंत करंट, वरून स्टीलचं पातेलं. दूध उतू जाऊन खाचेत गेलं की पातेल्याला हात लावताच झिणझिण्या. आई पायाखाली लाकडी पाट घेऊन उभी राहायची. तार तुटली की अप्पा पकडीने दोन्ही टोकं ओढून एकमेकांत अडकवायचे, आणि शेगडी पहिल्यापेक्षा जोरात चालायची. त्याचं त्यांना कौतुकच. तार आखूड झाली, विरोध कमी झाला, करंट वाढला, उष्णता वाढली. असं तीन वेळा आखूड झाल्यावर एका संध्याकाळी भिंतीतली पिन विरघळून सॉकेटला चिकटली. विज्ञान बरोबर होतं, घर चुकीचं होतं.

पण ती तार बोलायची, हे मान्य करावं लागेल. रब्बीच्या दिवसांत विहिरींवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की होल्टेज पडायचं आणि तार लालऐवजी नुसती गुलाबी व्हायची. आई तिच्याकडे बघून सांगायची, आज भाजीला वेळ लागणार. अप्पा पाटीवर मांडून दाखवायचे: २३० चे १८० झाले तर हजार वॅटची शेगडी जेमतेम सहाशेची राहते, कारण होल्टेजचा वर्ग येतो. आईला वर्ग नको होता. गुलाबी रंग पुरे होता.

तिची एक गोष्ट मात्र घरात पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली. दूध तापत असताना लाईट गेली. त्यात नवल काही नव्हतं. भुसावळहून वरणगावच्या बाजूला जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायची, चूल आमच्या घरात आणि धुराडं तिकडे, असं अप्पा म्हणायचे, पण दोन्ही एका वेळी पेटलेली असतील याचा भरवसा नसायचा. तर लाईट गेली, तार काळी पडली, पारोळ्याला लग्नाला जायची घाई होती. आईने दूध दुसऱ्या भांड्यात ओतून झाकून ठेवलं, रिकामं पातेलं सवयीने परत शेगडीवर ठेवलं, आणि आम्ही कुलूप लावून निघालो. बटण चालूच राहिलं. रात्री लाईट आली. शेजारच्या काकूंना धूर दिसला म्हणून बरं. त्यांच्या मुलाने कुलूप तोडलं, मीटरवरून लाईन पाडली. आम्ही परत आलो तेव्हा जर्मनच्या पातेल्याचं बूड गळून चिनीमातीच्या खाचांत चांदीसारखं गोठलं होतं. भिंत वीतभर काळी. त्या दिवसापासून शेगडी चालू केली की आई पदराच्या टोकाला गाठ मारते आणि बंद केली की सोडते. लाईट गेली तरी गाठ सोडायची नाही, आधी बटण, मग गाठ. पाहुणे विचारायचे, वहिनी, काय लक्षात ठेवताय एवढं? ती म्हणायची, घर.

आता ही काळी काच. ना रंग बोलतो, ना आवाज. पंख्याची एक बारीक घरघर तेवढी. तरी आईने तिला हळूहळू ओळखून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. गॅस बारीक केला की आच त्या क्षणी बसते. हिची बसत नाही. बंद केल्यावरही दूध वर येत राहतं, म्हणून साय हलली की बटणाकडे न धावता आधी पातेलं उचलायचं. कुरडया तळताना तेल तापलं की आच कमी करून भागत नाही, कढई बाजूला घ्यावी लागते. तेलाने पेट घेतलाच तर हाताशी असावं म्हणून ती जवळ सपाट झाकण ठेवते, पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब. भाताला दोन मिनिटं आधी शेगडी बंद करते, उरलेला भात नुसत्या तापावर फुलतो, आणि त्या दोन मिनिटांची वीज वाचली म्हणून दिवसभर खूश असते. वांगी मात्र तिने एकदाही काचेवर ठेवली नाहीत. बामणोदचं वांगं विस्तवाशिवाय भाजणं तिच्या लेखी पाप आहे. पुरणाच्या मांड्यांचा तर प्रश्नच नाही. पालथं खापर त्या काचेवर बसणार कसं? त्यासाठी आखाजीला अंगणात तीन दगड मांडून फुईच, म्हणजे आत्याच, पऱ्हाट्या पेटवते, आणि मांडा कोपरांपर्यंत पसरला की सगळ्या बायका शेगडीची सोय विसरून जातात.

तिचे काही हट्ट मला मोडावे लागले. तारेची घासणी, उदाहरणार्थ. चरे पडतात आणि मग त्या चऱ्यांत करपलेलं अडकतं. थंड झाल्यावर खायचा सोडा आणि लिंबू, पाच मिनिटं थांबून मऊ फडकं. फारच चिकटलं तर पात्याची खरवडणी तिरकी धरून. एकट्या साखरेचं वेगळं. पाक सांडला तर तो गार होऊन दगड व्हायच्या आत, कोमट असतानाच, जपून खरवडावा लागतो. भांडं काचेवरून सरकवायचं नाही, उचलायचं. मागच्या गल्लीतल्या काकूंच्या काचेवर खलबत्त्याचा दस्ता पडला, केसाएवढी चीर गेली. त्यांनी वरून चिकटपट्टी लावली आणि महिनाभर त्याच्यावर चहा केला. चिरेतून थेंब आत गेला तर तो सरळ करंटपर्यंत जातो, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग एवढे दिवस कशी काय चालली?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. नवी घेतली, ती मुलगा चिडला म्हणून.

परत त्या आखाजीच्या आदल्या रात्रीकडे येते. आम्ही गच्चीवर झोपलो होतो. गाद्या अजून गरम, वारं पडलेलं, लांबून बोरीकाठच्या कुत्र्यांचा आवाज. आईने भाजलेला हात उशीवर वेगळा ठेवला होता, पाहुण्यासारखा. मी म्हणाले, "तू जरा थांबायचं होतंस गं." ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "शिडी नव्हती ना."

मला कळलं नाही. कसली शिडी?

शेगडी बंद केली की आकड्यांच्या जागी एक शिडी दिसते, म्हणाली. एका पायरीची. दोन उभे बांबू आणि मध्ये एक दांडी. ती आहे तोवर काचेला हात लावायचा नाही, ती उतरली की लावायचा. पहिल्या आठवड्यातच तिच्या ध्यानात आलं होतं, दोन-तीन वेळा हात वरून धरून तिने खात्री करून घेतली होती. "तू आलीस का भिंतीवरचं बटण बंद करतेस. मग शिडी लगेच मरते. आज दिसली नाही, मला वाटलं उतरली."

अंधारात मी गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिले. एच. हॉटचा एच. मी ते अक्षर शेकडो वेळा पाहिलं असेल आणि एकदाही वाचलं नव्हतं. शेगडीबरोबर आलेलं पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीतच फ्रिजवर ठेवलं होतं. नंतर काढून वाचलं. वापर झाल्यावर लगेच वीज तोडू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, चित्रासकट. पंखा आतली उष्णता बाहेर काढतो. मी येता-जाता तोही बंद पाडत होते आणि शिडीही. बटण भिंतीवरून बंद करा, हा धडा मी आईला दिला होता, आणि तिने तो माझ्यासमोर निमूट पाळला होता. माझ्यामागे ती शिडी उतरण्याची वाट बघायची.

मला मोठमायची चूल आठवली. जेवणं झाली की मोठमाय इंगळ राखेत दाबून ठेवायची, वैलावर उद्याच्या अंघोळीचं पाणी. आम्हा पोरांना राख मऊ पिठासारखी दिसायची, हात घालावासा वाटायचा. ती म्हणायची, "राख झोपेल शे, इंगळ जागा शे." पोतेरं फिरायचं ते पहाटे, चूल खरोखर गार झाल्यावर, हात उलटा करून हवेतच ताप बघून. आई त्याच घरात सून म्हणून आली. शिडी ओळखायला तिला अक्षर लागलं नसणार.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला गेले. रोट झाले, आरत्या झाल्या, घर पाहुण्यांनी भरून रिकामं झालं. रात्री उशिरा आईने दूध तापवलं. पातेलं उतरवलं, शेगडी बंद केली, आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. पंखा घरघरत होता. छोट्याशा लाल शिडीकडे बघत आई फुईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. उजव्या तळव्यावरचा डाग आता चिंचोक्याएवढा उरलाय, जरा फिकट. हल्ली आमच्या फोनवरच्या गप्पाही यावर संपतात. मी विचारते, "शिडी उतरनी का वं?" माझ्या अहिराणीवर ती हसते आणि म्हणते, उतरनी.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, शिडी गेली, सगळं काळं. मी मोबाइल शोधायला लागले. अंधारातच भिंतीवरचं बटण खट् वाजलं. आईने आधी ते बंद केलं. फडक्याकडे मात्र तिने हात नेला नाही. माठावरच्या पेल्यात बोटं बुडवली आणि तव्यावर धिरडं घालायच्या आधी शिंपडतात तसे दोन थेंब काचेवर शिंपडले.

छस्स.

आम्ही थांबलो. फुईच्या सुनेची गोष्ट पुढे गेली, तिच्या माहेरापर्यंत पोचली. आईने पुन्हा शिंपडले. आता आवाज बारीक, सुकल्या पानावर पाय पडल्यासारखा. तिसऱ्या वेळी काहीच ऐकू आलं नाही. तिने बोट लावून बघितलं, थेंब तिथेच होता. मग तिने पदराची गाठ सोडली आणि फडकं घेतलं.